नव्या शहरातला मंगळवार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुसऱ्या शहरात नोकरीची चांगली संधी चालून आली आहे, पगार वाढतोय, मुलगी चौदा वर्षांची, मुलगा सात वर्षांचा आणि घरात सत्तरी ओलांडलेल्या आई. ते शहर आपल्या राहणीला आणि विचारांना मानवेल का, हे जाण्याआधी कसं ओळखायचं? राहण्यायोग्य शहरांच्या यादीत ते बरंच वर आहे, हेही तुम्ही लिहिलंय.

आधी ती यादी बाजूला ठेवा. सगळ्यांत गाजलेली यादी इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या ब्रिटिश संशोधन संस्थेची. तिच्यात स्थैर्याला २५ टक्के, संस्कृती आणि पर्यावरणाला मिळून २५ टक्के, आरोग्यसेवेला २० आणि पायाभूत सुविधांना २० टक्के गुण असतात. शिक्षणाला उरतात १०. घरभाडं आणि महागाई त्यात धरलेलीच नाही. अशा क्रमवारीचा एक उपयोग कंपन्यांना होतो: माणसाला अवघड ठिकाणी पाठवलं तर जादा भत्ता किती द्यायचा, हे ठरवायला. शाळेत जाणारी दोन मुलं असलेल्या घराला तिचा फारसा उपयोग नाही.

दुसरी गडबड आपल्याच डोक्यात होते. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातले विद्यार्थी आणि कॅलिफोर्नियातले विद्यार्थी आपापल्या आयुष्यावर साधारण सारखेच समाधानी निघाले. पण आपल्यासारखा माणूस कुठे जास्त सुखी असेल, असं विचारल्यावर दोन्हीकडच्यांनी कॅलिफोर्नियाचं नाव घेतलं. कारण तुलना करताना हवामान डोळ्यांपुढे येतं आणि रोजचं जगणं मागे पडतं. तुमच्या प्रश्नातही तलाव, मोकळे रस्ते आणि मेट्रो यांवर दोन परिच्छेद आहेत. मुलाला शाळेतून कोण आणणार, यावर एक ओळही नाही.

म्हणून मी नेहमी सांगतो, तिथला एक मंगळवार कागदावर मांडा. शनिवार-रविवार कुठल्याही शहरात बरा जातो. मंगळवारी कोणीही पाहुणा नसतो. चौकोनी तक्ता करू नका, सरळ लिहीत जा: कोण किती वाजता उठेल, कशाने कुठे जाईल, कोण कोणाला आणेल, दुपारी घरात कोण असेल, रात्री सगळे एकत्र जेवायला किती वाजता बसाल. हे प्रत्येक माणसाचं वेगळं लिहायचं. तुमचा स्वतःचा मंगळवार बहुधा छान निघेल, कारण शहराने बोलावलंय ते तुम्हाला. खरा निकाल ज्याच्या मंगळवारात सर्वांत मोठी पोकळी दिसते त्याच्या कागदावर लागतो.

प्रवासाच्या वेळाबद्दल मात्र कडक राहा. ब्रूनो फ्रे आणि आलोइस स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची माहिती तपासली, तेव्हा कामावर जायला जास्त वेळ लागणारी माणसं एकूण आयुष्याबद्दल कमी समाधानी आढळली. जास्त पगार किंवा मोठं घर यांनी ती उणीव पूर्ण भरून निघत नव्हती. घर बघताना एक जास्तीची खोली समोर दिसते, रोजचा जास्तीचा पाऊण तास दिसत नाही. मी तरी लहान घर आणि जवळची शाळाच निवडेन.

आता आईंचा कागद घ्या. ज्या वस्तीत घर घ्यायचा विचार आहे, तिथे त्यांना घेऊन जा आणि घरापासून दवाखाना, बाग किंवा वाचनालय, जे त्यांना रोज हवं असेल तिथवर चालत जा. वाटेतल्या मोठ्या चौकात थांबा. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना पुष्कळ ठिकाणी माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. इंग्लंडमध्ये पासष्टीपुढच्या लोकांच्या पाहणीत पुरुषांचा सरासरी वेग सेकंदाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर भरला होता. म्हणजे बारा मीटर रुंद रस्ता हिशेबाने दहा सेकंदांत ओलांडायचा, तो आईंच्या पावलांनी पंधरा सेकंदांचा होतो. सिग्नल मध्येच बदलला, एकदा गाड्या अंगावर आल्या, की दुसऱ्या दिवशी त्या ‘आज नको, पाय दुखतायत’ म्हणतील. मग वाचनालय कितीही सुंदर असो, त्यांचं शहर घराच्या चार भिंतींएवढं होतं. वाटेत टेकायला बाक आहे का, स्वच्छतागृह आहे का, डॉक्टरांशी त्यांना स्वतःच्या भाषेत बोलता येईल का, हेही त्याच फेरीत कळेल. शहर एकच असलं तरी दोन वस्त्यांत या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यामुळे ‘हे शहर मानवेल का’ यापेक्षा ‘या शहरातली कोणती वस्ती’ हा प्रश्न पुष्कळदा जास्त कामाचा.

मूल्यांचं बोलू. ‘साधी राहणी, मुलांना मोकळीक, माणसं जोडून राहणं’ असं तुम्ही लिहिलंय. यातली काही मूल्यं घरात एकट्याने पाळता येतात. वाचन, देवधर्म करणं किंवा न करणं, पैसा जपून वापरणं, एकमेकांशी खरं बोलणं, यांना शहराची परवानगी लागत नाही. पण काही मूल्यांना सोबत लागते आणि गफलत इथेच होते. मुलांना मोकळीक हे त्यातलंच. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात. १९९० पर्यंत हे प्रमाण ९ टक्क्यांवर आलं. एवढ्या काळात आईबापांना मोकळीक नकोशी झाली, असं काही नाही. रस्त्यावर गाड्या वाढल्या, धास्ती वाढली आणि चालणारी मुलं जसजशी कमी झाली तसतसं उरलेल्या मुलांना एकटं पाठवणं अवघड झालं. तुमचा सात वर्षांचा मुलगा अख्ख्या रस्त्यावर एकटाच चालणारा असेल, तर तुमचं मूल्य पहिल्या महिन्यातच गुंडाळून ठेवावं लागेल.

साध्या राहणीचंही तसंच. तुम्ही दोघं ती कुठेही निभावाल, पण चौदा वर्षांची मुलगी वर्गातल्या सगळ्यांकडे जे आहे ते आपल्याकडे का नाही, हे रोज घेऊन घरी येईल. यात तिचा दोष नाही. म्हणून तुमच्या यादीतल्या प्रत्येक मूल्यापुढे एवढंच लिहा: हे आम्हाला एकट्याने जमेल, की आजूबाजूची निदान चार घरं तशी हवीत? दुसऱ्या प्रकारची मूल्यं तेवढी त्या वस्तीत जाऊन तपासायची. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभे राहा. किती मुलं चालत निघतात, किती गाडीत बसतात, किती थेट पुढच्या शिकवणीला जातात, ते बघा. संध्याकाळी पैसे खर्च न करता मुलं कुठे जमतात, की कुठेच जमत नाहीत? मोठी माणसं सफाई कामगाराशी, पहारेकऱ्याशी कशी बोलतात? अर्ध्या तासात जे दिसतं, ते माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

मुलांच्या वयाबद्दल. अमेरिकेत १९९४ मध्ये पाच शहरांत एक सरकारी प्रयोग सुरू झाला. गरीब वस्तीतल्या काही कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या वस्तीत जायला मदत दिली गेली. राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्याचे दीर्घकालीन निकाल मांडले. तेरा वर्षांच्या आत स्थलांतर झालेल्या मुलांची विशीतली कमाई ठळकपणे वाढलेली दिसली, त्याहून मोठ्या मुलांना मात्र फायदा नव्हता, उलट थोडं नुकसानच दिसलं. तुमची परिस्थिती वेगळी आहे, हा आकडा जसाच्या तसा तुम्हाला लागू नाही. पण एकच स्थलांतर घरातल्या दोन मुलांना अगदी वेगळं पडू शकतं, एवढं त्यातून नक्की घ्या. मुलाला नवा वर्ग म्हणजे नवे सवंगडी. मुलीचं तसं नाही, तिचं सगळं जग मैत्रिणींत आहे. शिगेहिरो ओइशी आणि उलरिख शिमाक यांच्या २०१० च्या अभ्यासात लहानपणी वारंवार घरं बदललेल्यांपैकी अंतर्मुख माणसं मोठेपणी कमी समाधानी आढळली. बहिर्मुख माणसांत तसं दिसलं नाही. तुमची मुलगी कोणत्या स्वभावाची आहे, ते तुम्हीच जाणता. तिला ‘आपण जाणार आहोत’ असं सांगण्याआधी विचारा. नकाराधिकार देऊ नका, पण शाळा निवडताना तिचा शब्द शेवटचा असू द्या.

‘माणसं जोडायला किती वेळ लागेल?’ हेही विचारलंय. जेफ्री हॉल या संशोधकाच्या अंदाजानुसार, ओळखीच्या माणसाशी जुजबी मैत्री व्हायला सुमारे ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवाभावाची मैत्री व्हायला २०० हून अधिक. आठवड्याला दोन तास भेटलात तर जवळची मैत्री व्हायला दोन वर्षं जातात. त्यामुळे सहा महिन्यांत ‘इथली माणसं तुसडी आहेत’ असा निकाल देऊ नका. उलट बाजूने, रात्री आठला घरी पोचणाऱ्या माणसाकडे ते दोन तास तरी असतील का, हे मंगळवारच्या कागदावर बघा.

तिथे राहणाऱ्यांना ‘शहर कसं आहे’ विचारलंत तर ‘छान आहे’ एवढंच ऐकायला मिळेल. विचारा, ‘काल संध्याकाळी सहा वाजता तुम्ही कुठे होता? मुलं कुठे होती?’ आणि शहर सोडून गेलेलं एखादं कुटुंब जरूर गाठा. नव्याने आलेले हौसेत असतात, जुन्यांना काही खटकेनासं झालेलं असतं.

पैशांचं तुम्हाला कळतं, त्यात शिरत नाही. फक्त पहिलं वर्ष तरी भाड्यानेच राहा आणि इथलं घर विकू नका. कंपनीला उत्तर द्यायची मुदत दोन आठवड्यांनी वाढवून मागा. बहुतेक ठिकाणी मिळते. त्यात शाळा चालू असतानाचे दोन-तीन दिवस काढून पाचही जण जाऊन या, आणि जोडीदाराने व तुम्ही आपापले कागद परतल्यावरच एकमेकांना दाखवा. दोघांच्या कागदांवर आईंची दुपार वेगवेगळी लिहिलेली निघाली, तर बोलायला तिथूनच सुरुवात करा.