बाळंतपण मोफत असूनही बायका प्राथमिक आरोग्य केंद्रात का येत नाहीत?

आपला प्रश्न असा आहे की सरकार प्रसूती मोफत करते, वर अनुदानही देते, तरी दुर्गम भागातल्या काही स्त्रिया घरीच बाळंत होतात, याला अज्ञान म्हणायचे का? मेळघाटातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी काही वर्षे वैद्यकीय अधिकारी होते. तिथे जे पाहिले त्यावरून माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, निदान अज्ञान हे पहिले कारण नव्हे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या जवळजवळ ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. म्हणजे दवाखान्यात जावे हे आता बहुतेकांना पटलेले आहे. पैशाचा अडसरही कागदावर तरी उरलेला नाही. २००५ पासून दवाखान्यातल्या प्रसूतीला अनुदान देणारी जननी सुरक्षा योजना आहे आणि २०११ पासून औषधे, तपासण्या, रक्त, जेवण व जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. (अनुदानाची रक्कम मात्र कार्डावर माहेरचे नाव आणि आधारवर सासरचे, एवढ्या कारणानेही महिनोन्महिने अडकते.)

खरा प्रश्न रात्रीचा असतो. कळा अंधार पडल्यावर सुरू झाल्या की सासू पहिल्यांदा विचारते ती गोष्ट एवढीच: ‘बाई आहे का?’ बाई म्हणजे नर्स. आमच्या एका उपकेंद्राच्या गावातले लोक नर्सबाईंच्या क्वार्टरमध्ये दिवा दिसतो की नाही ते पाहून निर्णय घेत, आणि क्वार्टरचे छप्पर गळू लागल्यामुळे नर्सबाई तालुक्याच्या गावी राहायला गेल्या, तेव्हा तिथल्या प्रसूती जवळपास थांबल्या. गावकऱ्यांचे ज्ञान त्या पावसाळ्यात कमी झाले नव्हते. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा म्हटले तर रेंजसाठी कोणाला तरी टेकडीवर चढावे लागे, आणि नाल्याला पूर आला असेल तर गाडी पलीकडच्या काठालाच थांबे.

दुसरे कारण म्हणजे पुढे पाठवण्याची भीती. प्राथमिक आरोग्य केंद्रात सिझरची सोय नसते, त्यामुळे अडलेल्या बाईला धारणीच्या रुग्णालयात आणि तिथेही भागले नाही तर घाट ओलांडून दीडशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या अमरावतीला न्यावे लागते. असा एक प्रवास वाईट रीतीने संपला की पाड्यावर तो वर्षभर बोलला जातो, आणि सुखरूप झालेल्या चाळीस बाळंतपणांची आठवण कोणी काढत नाही. पुढची पहिलटकरीण मग ‘तिथे गेले की अमरावतीला पाठवतात’ एवढेच ऐकून असते.

तिसरी गोष्ट आम्हा डॉक्टरांना उशिरा कळते. घरी बाई दोर धरून उकिडवी बसते, पाठीशी दाई असते, शेजारी चूल पेटलेली असते. आमच्याकडे तिला थंडगार लोखंडी टेबलावर उताणी झोपवून सासूला बाहेर काढत असू. वार (बाळामागून बाहेर पडते ती) घराजवळ पुरायची म्हणून लोक मागत, तर आम्ही ती आमच्या खड्ड्यात टाकत होतो. एका आजीने मला सरळ विचारले होते, ‘वार तुम्ही ठेवून घेणार, मग बाळ कशाला देता?’ मला उत्तर सुचले नाही.

नवजात बाळाची गोष्ट थोडी निराळी आहे. प्रसूतीनंतर ४८ तास थांबवावे असा नियम, पण घरी दोन लहान मुले व शेळ्या असल्या की बाळंतीण सकाळ होताच निघते, आणि सोबतची सासू व्हरांड्यात कुडकुडत असते ते वेगळेच. मग उरते ती आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी प्रशिक्षित गावकरी स्त्रीकडून घरीच नवजाताची काळजी घेऊन बालमृत्यू कमी करता येतात हे दाखवले, आणि त्याच धर्तीवर आज आशा ४२ दिवसांत सहा वेळा घरी येऊन बाळाचे वजन, ताप व श्वास पाहते. मात्र दिवाळीनंतर कुटुंबच मजुरीला बाहेर पडले, तर तिच्या वहीत नाव राहते आणि घराला कुलूप असते.

आम्ही पुढे सासूला आत येऊ दिले, टेबलाशेजारी जाड सतरंजी घातली आणि मागणाऱ्याला वार बांधून दिली. छप्पर दुरुस्त व्हायला त्यानंतर दीड वर्ष लागले, आणि नर्सबाई क्वार्टरमध्ये परतल्या त्याच आठवड्यात रात्रीची पहिली बाळंतीण आली.