गेटपर्यंत जातो आणि परत फिरतो

हृदयविकाराचे निदान झालेल्यांची बरीचशी पत्रे 'काय खावे' या प्रश्नाने सुरू होतात आणि शेवटच्या दोन ओळींत खरे दुखणे, म्हणजे भीती, हळूच डोकावते. त्यांपैकी चार पत्रे आज घेत आहे.

प्रश्न : वय ६१, निवृत्त शिक्षक, सातारा. दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट बसले. डॉक्टर चालायला सांगतात. पण सोसायटीच्या गेटपर्यंत गेलो की छातीत धडधडते आणि मी परत फिरतो. मुलगा म्हणतो, 'बाबा, जरा धीर धरा.' धीर आणायचा कुठून?

उत्तर : आधी धीर गोळा करायचा आणि मग चालायला निघायचे, असा क्रम आपण धरला आहे, माझ्या रुग्णांत मी तो बहुधा उलटाच पाहिला आहे. चालताना ठोके वाढणे हे हृदयाचे कामच आहे. मात्र एकदा धसका घेतलेला माणूस स्वतःच्या छातीला इतका कान लावून बसतो की एरवी लक्षातही न येणारी धडधड त्याला नगाऱ्यासारखी ऐकू येते. म्हणून अंदाजावर राहू नका. टूडी एकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त पुढे ढकलण्याची क्षमता, किती आले आणि टीएमटी, म्हणजे सरकत्या पट्ट्यावर चालवून ईसीजी काढण्याची तपासणी, करता येईल का, हे आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारा. त्यांची हरकत नसेल तर सपाट रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ केवळ ५ मिनिटे चाला, जेवणावर लगेच नको, आणि पहिले काही दिवस सूनबाई किंवा शेजारी बरोबर असू द्या. त्यांच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग पुरे. दर दोन-तीन दिवसांनी एकेक मिनिट वाढवलेत तर महिना-सव्वा महिन्यात दिवसाला ३० मिनिटे होतील. आठवड्यातून पाच दिवस तेवढे चाललात की १५० मिनिटे भरतात. छातीवर दाब आला, कळ जबड्यात किंवा हातात गेली, दरदरून घाम फुटला, तर जागीच बसा, लिहून दिलेली असल्यास सॉर्बिट्रेट (छातीतली कळ थांबवणारी गोळी) जिभेखाली ठेवा आणि ५ मिनिटांत उतार न पडल्यास १०८ला फोन करा. ठोके अनियमित, मधूनच चुकल्यासारखे वाटत असतील तर मात्र ती भीती समजून सोडून देऊ नका, डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : सासूबाईंना (वय ५८) सौम्य झटका येऊन गेला. तीस वर्षांची मिश्री सुटत नाही. 'त्याशिवाय पोट साफ होत नाही' म्हणतात.

उत्तर : मिश्री म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखूच, हे त्यांना कोणी स्पष्ट सांगितलेले नसावे, पुष्कळ घरांत तिला दंतमंजनाचा मान असतो. तिच्यातील निकोटिन हिरड्यांतून रक्तात जाऊन ठोके आणि रक्तदाब वाढवते, आणि आतड्यांनाही चालना देते, त्यामुळे त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकेदुखी आणि बद्धकोष्ठ होईल, हे आधीच सांगून ठेवा. उठल्याबरोबर कोमट पाणी, आहारात पालेभाजी, आणि लागल्यास डॉक्टरांना विचारून सौम्य रेचक द्या. डबी लपवू नका, त्यांच्याच हाताने टाकू द्या. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीवर विनामूल्य समुपदेशन मिळते.

प्रश्न : यजमानांसाठी अळणी स्वयंपाक वेगळा करते, तरी ते ताटावरून उठून जातात.

उत्तर : वेगळे ताट म्हणजे रोज दोन वेळा 'तुम्ही आजारी आहात' अशी आठवण. सगळ्यांचेच मीठ हळूहळू कमी करा, माणशी दिवसाला सपाट चमचाभर, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचे, पापड आणि फरसाण त्यातच धरावे. लो-सोडियम मिठात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असल्यास ते परस्पर आणू नये.

प्रश्न : वय ४४. पत्नीजवळ जाण्याचीही भीती वाटते. दवाखान्यात विचारायला संकोच होतो.

उत्तर : न दमता, छातीत न दुखता दोन जिने चढता येत असतील तर बहुतेकांना वैवाहिक संबंधांस हरकत नसते, तरी पुढच्या तपासणीत विचाराच, डॉक्टरांना हा प्रश्न नवा नाही. मात्र सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी जवळ असताना मित्राच्या सल्ल्याने सिल्डेनाफिल (व्हायग्रासारखी ताठरतेची गोळी) घेऊ नका. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब जीवघेणा खाली जाऊ शकतो.