प्लास्टर घातलंस ना, मग कापायलाही जा

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री बाराला आला आणि इतका लांब होता की उठून चष्मा शोधून वाचावा लागला. सीनेच्या पुरानंतर माढ्याकडच्या गावात कॅम्पला गेलीस, दिवसभर रांग संपेना, ओआरएस वाटलं, मलमं वाटली, बॅनरपुढे फोटो झाला आणि संध्याकाळी गाडीत बसल्यावर वाटलं की आपण काहीच केलं नाही. मग पुढे विचारतेस, नीट पीजीचा, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा, अभ्यास सोडून गावात जाऊन राहू का. आणि त्याच्याच खाली, डॉ. कोटणीसांसारखं आपल्याला कुठं जमणार.

तुझं मन चांगलंय वगैरे मी लिहीत बसणार नाही, ते दोघांनाही माहितीये. मला एवढंच सांग, त्या गावात परत कधी जाणारेस? एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये तेवढंच नाहीये बघ.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ९३ ला, मी सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलला हाऊसमन, म्हणजे शिकाऊ डॉक्टर होतो. ३० सप्टेंबर, पहाटेचे चार वाजत आलेले, गणपती विसर्जन करून लोक नुकतेच आडवे झालेले. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर माळवदाची माती, ते सगळं झोपलेल्या माणसांवर. जवळपास दहा हजार माणसं गेली, ५२ गावं भुईसपाट. उमरग्याकडून जीप, ट्रक, एसटी, मिळेल त्या गाडीतून जखमी सोलापूरला येत होते. हे सगळे सांगतात, मीही लग्नाकार्यात कितीदा सांगितलंय. पण मी जे काही शिकलो ते त्या आठवड्यात नाही, नोव्हेंबरात शिकलो.

त्या धावपळीत आम्ही प्लास्टरं घालत सुटलो होतो. आणि प्लास्टर साधारण सहा आठवड्यांनी काढायचं असतं, हे तुला मी काय सांगणार. सहा आठवड्यांनी बाहेरून आलेल्या बऱ्याच टीम आपापल्या गावी पोचल्या होत्या, तंबू उठले होते, पेपरात दुसऱ्या बातम्या होत्या. पत्र्याच्या शेडसमोर एक बाई पाय पसरून बसली होती, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, कडा काळ्या झालेल्या, आत खाजवायला घातलेलं ज्वारीचं धाट तसंच अडकलेलं. मला म्हणाली, "डाक्टर, ह्ये कवा काढायचं?" तिच्या शेजारच्यानं स्वतःचं विळ्यानं कापून घेतलं होतं, थोडी कातडीपण गेली होती. करवत चालवायला लाईट नव्हती. हातानं कापायची मोठी कात्री असते ना, ती मी पिशवीत घालून नेली होती, तळहाताला फोड आले. आतला पाय निघाला तो काठीएवढा, कातडी सुटलेली, वास, आणि गुडघा काही केल्या वाकेना. म्हणजे काम तिथून पुढे होतं! तो गुडघा वाकवायला कोण जाणार होतं? बॅनर?

म्हणून सांगतो, प्लास्टर घातलंस ना, मग कापायलाही जा. जमणार नसेल तर कापणारा आधी शोध आणि मग घाल. तुमच्या कॅम्पमध्ये प्लास्टर नव्हतं असं म्हणशील. होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंत ना, ज्यांना आधी कधी मिळालंच नव्हतं त्यांना दुसरा डोस चार आठवड्यांनी लागतो, तो कोण देणार? चिखलात उघड्या पायानं फिरलेल्यांना लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पाण्या-चिखलात पसरणारा ताप कॅम्पच्या दिवशी येत नाही, पुढच्या आठ-पंधरा दिवसांत येतो, अंग मोडून येतं, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, आणि गावात लोक क्रोसिन घेऊन पडून राहतात. आणि ती आजी, जिच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, भिजून चोथा झालेल्या गोळ्यांची पिशवी घेऊन आलेली, पाकिटावरचं नाव गेलेलं, "बारकी पांढरी गोळी" एवढंच सांगता येत होतं तिला. तू बीपी बघून पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्यास. पंधरा दिवस कधी संपतायत बघ जरा कॅलेंडरमध्ये.

आता कोटणीस. दहा ऑक्टोबरला त्यांचा जन्मदिवस, भैय्या चौकातल्या स्मारकावर हार घालायला आपण सगळे जातो, मीही जातो. पण त्यांचं नाव घेऊन स्वतःला सूट द्यायची ही सोलापूरकरांची जुनी खोड आहे, मला राग येतो त्याचा. १९३८ ला जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर मुंबईहून निघाले, अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि हे. तेव्हा हेही पीजीच्याच तयारीत होते, तुझ्यासारखे. तिकडे असतानाच वडील गेल्याची बातमी आली, तरी परतले नाहीत. अटल, चोळकर, मुखर्जी एकेक करून परत आले, हे राहिले, चिनी भाषा शिकले, १९४१ ला बेथ्यून हॉस्पिटलचे प्रमुख झाले, तिथल्या पोरांना शिकवलं, ९ डिसेंबर १९४२ ला फिट्स येऊन गेले, वय ३२. तलवार गाजवल्यासारखा पराक्रम म्हणून आपण ते सांगतो. मला विचारशील तर त्यात मोठी गोष्ट शिकवण्याची आहे, कारण हे गेल्यावरही तिथं जखमा शिवणारे हात होते. आपल्या उमरग्याच्या रस्त्यावरच अणदूर आहे, तिथं भूकंपानंतर गावातल्याच बायांना शिकवून भारतवैद्य, म्हणजे गावात पहिले उपचार करणाऱ्या, केलं, तेही हेच. तुझ्या त्या कॅम्पच्या गावात आशाताई आहे, सरकारी आशा कार्यकर्ती. तिचंही घर पाण्यात होतं हे विचारलंस का कुणी?

तेव्हा पीजी सोडू नकोस, उगाच त्याग बिग करू नकोस. अभ्यास कर आणि परत जा. एवढंच.

आता तू म्हणशील काकांनी काय केलं. मी एमएस केलं नाही. परत परत तिकडे जाण्यात वर्ष गेलं आणि मग घरचं निघालं, डिप्लोमावर भागवलं. माझ्या बॅचच्या लोकांची होटगी रोडला चार मजली हॉस्पिटलं आहेत, माझा अशोक चौकात दोन खोल्यांचा दवाखाना, विडी वळणाऱ्या बायांच्या पाठी आणि लूमवाल्यांचे खांदे. मला वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, बायकोला जरा जास्त वाटतं. पण ती शेडसमोरची बाई नंतर स्वतःच्या पायानं एसटीत चढून दवाखान्यात आली होती, जोंधळ्याची पिशवी घेऊन, आणि गुडघा पूर्ण वाकत नव्हता तरी वाकत होता. एमएस असतो तर तिचं ऑपरेशन नीट केलं असतं असं आमचा एक मित्र म्हणतो. म्हणू दे. तो नोव्हेंबरात तिथं नव्हता.

असो, फार झालं. जायच्या आधी तिथल्या पीएचसीच्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राच्या, डॉक्टरांना फोन कर, इंजेक्शनचा कोल्ड बॉक्स त्यांच्याकडेच असतो आणि न सांगता गेलेलं त्यांना आवडत नाही, बरोबरच आहे त्यांचं. आजीसाठी एक वही घे, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, त्यात गोळीचं नाव मोठ्या अक्षरात मराठीत लिही. आशाताईला बीपीचं मशीन वापरायला शिकव, माझ्याकडे एक जास्तीचं आहे, ते घेऊन जा, सेल मात्र नवीन टाक.

तुझा,
डॉक्टर काका