वाचकांचे प्रश्न : फेरो बेटांवरील फुटबॉल क्लब आणि त्यांची मैदाने

गेल्या अंकात युरोपातील लहान देशांच्या फुटबॉलविषयी लिहिताना फेरो बेटांचा (उत्तर अटलांटिकमधील, डेन्मार्कच्या राज्यातील स्वायत्त द्वीपसमूह) उल्लेख दोन ओळींत उरकला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांतील पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर) : आमच्याकडे पेठांचे आणि तालमींचे सगळे संघ एकाच शाहू स्टेडियमवर लीग खेळतात. फेरो बेटांची एकूण लोकसंख्या आमच्या शहराच्या जेमतेम एक दशांश असताना तेथे अव्वल साखळीत दहा क्लब आणि गावोगावी मैदाने आहेत, हे कसे जमते?

उत्तर : लोकसंख्येचा आपला हिशेब बरोबर आहे. अठरा बेटांवर मिळून सुमारे ५४,००० माणसे राहतात आणि त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक राजधानी टोर्सहाउन व तिच्या परिसरात आहेत. उरलेली माणसे समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यांच्या काठी वसलेल्या छोट्या छोट्या गावांत विखुरलेली आहेत. एका गावातून दुसऱ्या गावात जायचे तर पूर्वी बहुतेक वेळा होडीच काढावी लागे, किंवा डोंगर ओलांडून चालत जावे लागे. अशा ठिकाणी 'सगळ्यांसाठी मिळून एक मैदान' ही कल्पना व्यवहारात उतरणारी नव्हती. खेळायचे तर गावातच खेळावे लागे, आणि म्हणून गाव तेथे क्लब आणि क्लब तेथे मैदान अशी रचना आपोआप घडत गेली. सर्वांत जुना क्लब टीबी हा सर्वांत दक्षिणेकडील सूवुरोई बेटावरचा असून त्याची स्थापना १८९२ सालची आहे. राजधानीतील एचबी १९०४ चा आहे, तर बी-३६ हा नावाप्रमाणेच १९३६ चा.

साखळी स्पर्धा १९४२ मध्ये सुरू झाली. दुसरे महायुद्ध चालू होते आणि बेटे ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होती, तरी तिचा मुहूर्त टळला नाही. पहिले विजेतेपद क्लाक्सविक या मासेमारीच्या गावातील केआय क्लबाने मिळवले. आज दहा संघ एकमेकांशी तीन-तीन वेळा खेळतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सत्तावीस सामने येतात, आणि हंगाम मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत चालतो, कारण हिवाळ्यात तेथे दिवस फारच लहान असतो. सर्वाधिक, म्हणजे चोवीस, विजेतेपदे एचबीच्या नावावर आहेत.

मात्र 'जमते' हा आपला शब्द मी जरा सांभाळून वापरेन, कारण सगळ्यांना ते जमलेले नाही. अकरा खेळाडू, राखीव संघ, मुलामुलींचे संघ आणि त्यांना शिकवणारी माणसे हे सगळे पाच-सातशे वस्तीच्या गावातून उभे करणे कठीणच असते. त्यामुळे शेजारी गावांनी आपापले क्लब मोडून एक करण्याची उदाहरणे तेथे आहेत. १९९३ मध्ये आइयी गावाचा ईबी आणि खाडीपलीकडचा स्ट्रेमुर हे दोन क्लब एक झाले आणि 'ईबी-स्ट्रेमुर' असे दोन्ही नावे जपणारे नाव त्यांनी घेतले. या दोन क्लबांची गावे वेगवेगळ्या बेटांवर आहेत. मधल्या सामुद्रधुनीवर १९७३ मध्ये पूल झाला नसता, तर हे लग्न जुळलेच नसते. २००८ आणि २०१२ मध्ये या जोडक्लबाने विजेतेपदही मिळवले. त्याहून अवघड निर्णय गोता या गावाने घेतला. त्यांच्या जीआय क्लबाकडे सहा विजेतेपदे होती, त्यांतील चार तर १९९३ ते १९९६ अशी सलग; तरीही २००८ मध्ये शेजारच्या लाइरविक गावाशी एकत्र येऊन त्यांनी 'विकिंगुर' हा नवा क्लब काढला. पेठेपेठेतील चुरस पिढ्यान्पिढ्या पाहिलेल्या कोल्हापूरकरांना यातील दुखणे वेगळे समजावून सांगायला नको.

एकच मैदान दोघांत वाटून घेण्याचा आपल्या ओळखीचा प्रकारही तेथे आहे. टोर्सहाउनमध्ये एचबी आणि बी-३६ हे कट्टर प्रतिस्पर्धी गुंडाडालुर या एकाच मैदानाला आपले घर मानतात. त्यांच्या परस्परांतील सामन्यात 'पाहुणा' कोण हे केवळ कागदावर ठरते.

प्रश्न (एक वाचक, पुणे) : या मैदानांची नावे वाचताना जीभ अडखळते. त्यांना काही अर्थ आहे का? आपल्यासारखी ती पुढाऱ्यांची किंवा थोर पुरुषांची नावे दिसत नाहीत.

उत्तर : आपले निरीक्षण योग्य आहे. बरीचशी नावे म्हणजे नुसता पत्ता आहे, आणि मला ती फार आवडतात. क्लाक्सविकचे मैदान 'विय ड्यूपुमीरार', म्हणजे खोल दलदलीपाशी. रुनाविकच्या एनएसआय क्लबाचे 'विय लोकिन', म्हणजे ओढ्यापाशी. टीबीचे 'विय स्टोरा' म्हणजे थोरल्या ओढ्यापाशी, आणि ईबी-स्ट्रेमुरचे 'विय मार्गाइर', तेही ओढ्यांच्याच नावाने. आपल्याकडे शेताच्या तुकड्याला 'ओढ्याकाठचे' किंवा 'पाणथळातले' म्हणतात, त्याच जातीची ही नावे आहेत. ती कोणी समिती नेमून ठरवलेली नाहीत. त्या जागेला जे म्हणत, तेच मैदानाचे नाव झाले.

नावांवरून आणखी एक गोष्ट उमगते. डोंगर समुद्रात सरळ उतरणाऱ्या या बेटांवर शंभर मीटर लांबीची सपाट जागा शोधायची म्हटली, तर ती जवळजवळ नेहमी पाण्यापाशीच, म्हणजे ओढ्याने गाळ टाकलेल्या किंवा दलदल साचलेल्या ठिकाणीच सापडणार. गुंडाडालुरमधील 'डालुर' म्हणजे दरी. राष्ट्रीय मैदानाचे नाव तेवढे देवाचे आहे : 'टोर्सव्होल्लुर', म्हणजे नॉर्स पुराणांतील गर्जनेचा देव थोर याचे मैदान. टोर्सहाउन या नावाचा अर्थही 'थोरचे बंदर' असाच आहे.

उच्चारांचे म्हणाल, तर फेरोई लिपीत 'ड'ला आडवी रेघ दिलेले एक अक्षर आहे, जे लिहितात पण बहुधा उच्चारत नाहीत. त्यामुळे नकाशावर 'एइडी' असे वाचले जाणारे गाव तेथील माणसाच्या तोंडी 'आइयी' असे ऐकू येते. येथे मी शक्यतो कानाला धरून लिहिले आहे.

प्रश्न (एक वाचिका, रत्नागिरी) : एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला तळे अशा मैदानाचे छायाचित्र पाहण्यात आले. ते खरे आहे का? आणि तेथील वाऱ्यापावसात गवत टिकते तरी कसे?

उत्तर : छायाचित्र खरे आहे. ते एस्टुरोई बेटाच्या उत्तर टोकावरील आइयी गावाचे जुने मैदान. गाव डोंगराच्या उतारावर आहे, त्याच्या पायथ्याशी जमिनीची एक पट्टी आहे आणि तिच्या एका अंगाला अटलांटिक महासागर तर दुसऱ्या अंगाला गोड्या पाण्याचे तळे आहे. वादळात लाटांबरोबर येणारे दगडगोटे आणि खारे तुषार थेट मैदानापर्यंत पोहोचतील अशीच ती जागा आहे. कोकणकिनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला खाऱ्या वाऱ्याने हिरवळीचे काय होते हे ठाऊकच असेल. तेथे आता सामने होत नाहीत. क्लब स्ट्रेमुरच्या बाजूच्या मैदानावर खेळतो.

गवताचा प्रश्न मात्र या देशाच्या फुटबॉलचा कळीचा प्रश्न ठरला आहे. फेरो बेटांची फुटबॉल संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली, १९८८ मध्ये फिफाची आणि १९९० मध्ये युएफाची, म्हणजे युरोपीय फुटबॉल महासंघाची, सदस्य झाली. त्या वर्षी युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेची पात्रता फेरी खेळायची वेळ आली, तेव्हा ध्यानात आले की आंतरराष्ट्रीय सामन्याला चालेल असे गवताचे एकही मैदान देशात नाही. म्हणून १२ सप्टेंबर १९९० रोजी ऑस्ट्रियाविरुद्धचा पहिलावहिला 'घरचा' सामना स्वीडनमधील लांड्सक्रोना या गावी झाला. यजमान परदेशात, प्रेक्षक हजार-बाराशे, आणि समोर त्याच वर्षी विश्वचषक खेळून आलेला संघ. फेरोने तो सामना १-० असा जिंकला. गोल टोर्किल निल्सेनचा होता, जो बुद्धिबळातही देशातील आघाडीचा खेळाडू होता. गोलरक्षक येन्स मार्टिन क्नुड्सेन डोक्यावर गोंडा असलेली लोकरी टोपी घालून उभा होता. लहानपणी डोक्याला मार लागल्यापासून ती टोपी त्याच्या डोक्यावर आली होती, आणि त्या रात्रीनंतर ती युरोपभर ओळखली जाऊ लागली. ऑस्ट्रियाच्या प्रशिक्षकाला पायउतार व्हावे लागले.

या विजयानंतर मैदानाचा विषय टाळणे शक्य नव्हते. टॉफ्टिर या हजाराहूनही कमी वस्तीच्या गावी, बी-६८ क्लबाच्या डोंगरावरील जागेत, खडक फोडून स्वांगास्कार हे गवताचे मैदान तयार करण्यात आले आणि १९९२ पासून राष्ट्रीय संघ खऱ्या अर्थाने घरी खेळू लागला. सुमारे ६,००० प्रेक्षकांची त्याची क्षमता गावाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट होती. जागा उंचावर आणि उघडी असल्याने वारा तेथे यजमानांच्या बाजूने बारावा गडी होऊन खेळे, असे म्हणायचा मोह होतो. पण वाऱ्याला बाजू नसते. ७ सप्टेंबर २००२ रोजी स्कॉटलंडचा संघ तेथे आला, तेव्हा योन पेटरसनने पहिल्या पंधरा मिनिटांतच दोन गोल केले आणि पाहुण्यांना उत्तरार्धात २-२ अशी बरोबरी साधून सुटका करून घ्यावी लागली.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे, की गवत टिकत नाही. थंडी, ओल आणि वारा यांत खेळपट्टीची वाट लागते, म्हणून आता अव्वल साखळीतील क्लब कृत्रिम हिरवळीवर खेळतात आणि राष्ट्रीय मैदानावरही तीच आहे. ज्या गवतासाठी एवढा खडक फोडला, ते पुढे गैरसोयीचे ठरावे, हे मला थोडे मजेशीर वाटते. अर्थात मधल्या काळात कृत्रिम हिरवळीची प्रत आणि तिच्याविषयीचे नियम हे दोन्ही बदलले, हे लक्षात घ्यायला हवे.

प्रश्न (एक वाचक, नागपूर) : २०२३ मध्ये क्लाक्सविकचा संघ युरोपीय स्पर्धेच्या गटसाखळीत पोहोचला, पण ते सामने त्याला स्वतःच्या मैदानावर खेळता आले नाहीत असे वाचले. हा अन्याय नव्हे का?

उत्तर : आधी पराक्रम सांगतो. क्लाक्सविक हे सुमारे ५,००० वस्तीचे गाव आहे. केआयने त्या वर्षी चॅम्पियन्स लीग या युरोपातील सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या पात्रता फेरीत हंगेरीच्या फेरेन्त्स्वारोशला घरी गोलशून्य बरोबरीत रोखले आणि बुडापेस्टमध्ये जाऊन ३-० असे हरवले. पुढच्या फेरीत स्वीडनचा विजेता हेकन पेनल्टींवर बाद झाला. नॉर्वेच्या मोल्डेविरुद्ध जादा वेळेत हार पत्करावी लागली, तरी तोपर्यंतच्या मजलीमुळे कॉन्फरन्स लीग या तिसऱ्या दर्जाच्या युरोपीय क्लब स्पर्धेच्या गटसाखळीतील जागा पक्की झाली होती. फेरो बेटांवरील कोणताही क्लब त्यापूर्वी गटसाखळीपर्यंत गेलेला नव्हता. संघातील अनेक जण नोकरी सांभाळून खेळणारे होते.

गटसाखळीसाठी युएफाचे निकष वेगळे असतात. आसनांची संख्या, प्रकाशझोत, चित्रीकरणाची आणि पाहुण्या प्रेक्षकांची सोय यांवरून मैदानांच्या चार श्रेणी केल्या जातात, आणि खोल दलदलीपाशी असलेले अडीच हजारांच्या आसपास क्षमतेचे मैदान वरच्या श्रेणीत बसत नव्हते. त्यामुळे ते सामने टोर्सहाउनमध्ये टोर्सव्होल्लुरवर झाले, ज्याची क्षमता सुमारे ५,००० आहे. तेथे त्यांनी फ्रान्सच्या लिलला ०-० असे रोखले आणि स्लोव्हेनियाच्या ओलिम्पिया ल्यूब्ल्यानाला ३-० असे हरवले.

अन्याय म्हणावा, असे मला वाटत नाही. पाच हजारांच्या गावाने तीन सामन्यांसाठी राष्ट्रीय मैदानाएवढे स्टेडियम बांधणे शहाणपणाचे झाले नसते, आणि १९९० मध्ये राष्ट्रीय संघाला समुद्र ओलांडून स्वीडनला जावे लागले होते, त्या मानाने क्लाक्सविकच्या लोकांना मोटारीने राजधानीपर्यंतच जायचे होते. समुद्राखालील बोगद्यांमुळे ते अंतर आता खूप सोपे झाले आहे. क्लाक्सविकचे बेट २००६ मध्ये बोगद्याने जोडले गेले आणि डिसेंबर २०२० मध्ये एस्टुरोईचा ११ किलोमीटरांहून लांब बोगदा सुरू झाला, ज्याच्या मध्यावर समुद्रतळाखाली चक्क एक गोल चौक आहे. त्यामुळे टोर्सहाउन ते रुनाविक हा तासाभराचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांवर आला. खरी गैरसोय सूवुरोई बेटावरील क्लबांची आहे. तेथे अजून बोगदा नाही, आणि बाहेरच्या प्रत्येक सामन्यासाठी संघाला दोन तासांची बोट धरावी लागते, परतीचेही दोन तास वेगळे. त्यांच्या तक्रारीला मी अन्याय हा शब्द अधिक सहज देईन.

प्रश्न (एक वाचक, मुंबई) : पुढच्या वर्षी तिकडे जाण्याचा विचार आहे. सामना कोठे पाहावा?

उत्तर : उन्हाळ्यात गेलात तर गुंडाडालुर सर्वांत सोयीचे. राजधानीतच आहे, दोन क्लब तेथे खेळत असल्याने एखादा तरी सामना मिळण्याची शक्यता जास्त, आणि राष्ट्रीय मैदान त्याला लागूनच आहे. हातात एक दिवस अधिक असेल तर क्लाक्सविकला जा. छत्रीवर भिस्त ठेवू नका, वाऱ्यात ती उलटी होते. डोके झाकणारा रेनकोट घ्या. मुक्काम आइयीला करायचा असेल, तर समुद्र आणि तळे यांच्यामधले ते जुने मैदान आता फिरत्या घरांच्या गाड्यांचा तळ झाले आहे, आणि तेथे आपल्यालाही गाडी लावता येईल.