न्यूयॉर्क–लंडन: अंतर एकच, मग जायला-यायला वेगळा वेळ का?

तुमचा प्रश्न असा: न्यूयॉर्क ते लंडन हवाई अंतर साधारण 5,550 किमी. विमानाच्या ताशी 900 किमी वेगाने भागलं तर सव्वासहा तासांच्या आत उत्तर येतं. मग तिकिटावर जाताना सात आणि परतताना आठ तासांच्या आसपास का दाखवतात?

तुमचा भागाकार बरोबर आहे. फक्त ताशी 900 हा वेग विमानाच्या भोवतालच्या हवेच्या तुलनेतला असतो, आणि ती हवाच मुळात धावत असते. साधारण 10 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो जास्त जोरात वाहतो. पाठीशी ताशी 200 चा वारा मिळाला तर जमिनीच्या हिशोबाने विमान 1,100 ने जातं. तोच वारा समोरून आला तर 700 ने. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या दिवसांत ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं. जमिनीवरून मोजलेला त्याचा वेग काही काळ ताशी 1,300 किमीच्या वर गेला, तरी त्याने ध्वनीची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण त्यातला मोठा वाटा वाऱ्याचा होता. मला हे उदाहरण फार आवडतं. सगळा विषय त्यात आला.

म्हणूनच अटलांटिकवरचे मार्ग रोज वाऱ्याचा अंदाज पाहून आखतात. लंडनला जाताना वारा पकडायचा, परतताना चुकवायचा, मग त्यासाठी थोडा वळसा पडला तरी चालतो. इंधन त्यातच वाचतं.

आता सपाट नकाशा बाजूला ठेवा आणि पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो सरळ समुद्रावरून न जाता आधी उत्तरेकडे चढून न्यूफाउंडलंडजवळून जातो आणि आयर्लंडच्या दक्षिण भागावरून खाली उतरतो. 5,550 हा आकडा या दोऱ्याचा आहे.

तिकिटावरचा वेळ मात्र विमान गेटवरून हलल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, चढणं-उतरणं हे सगळं त्यात येतं. मी अंदाज काढताना किलोमीटरला 850 ने भागतो आणि वर अर्धा तास धरतो. इथे सात तास येतात, म्हणजे दोन्ही दिशांच्या सरासरीच्या थोडं खाली. गर्दीच्या विमानतळांना अर्धा तास पुरत नाही.

हे गणित कोलमडतं ते हवाई हद्द बंद असेल तेव्हा. हेलसिंकी ते टोकियो पूर्वी साडेनऊ तासांत होत असे. 2022 मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यावर फिनलंडच्या फिनएअर या विमान कंपनीला त्याच प्रवासाला 13 तासांच्या आसपास लागू लागले. शहरं जागच्या जागीच आहेत.

आणखी एक. तिकिटावर निघायची आणि पोचायची वेळ त्या त्या ठिकाणची स्थानिक असते. न्यूयॉर्क बहुतेक वर्षभर लंडनच्या 5 तास मागे असतं, तेव्हा थेट वजाबाकी करू नका. आणि पुढचं विमान पकडायचं असेल तर अंतराच्या गणितावर विसंबू नका. तीच फ्लाइट गेल्या महिनाभरात प्रत्यक्षात किती वाजता उतरली ते फ्लाइट ट्रॅकरवर पाहून घ्या.