समुपदेशक सल्ला का देत नाहीत?

प्रश्न: तीन सत्रं झाली. 'नोकरी सोडू का?' असं विचारलं की मॅडम माझंच बोलणं मला परत ऐकवतात. मग फी कशाची भरायची?

उत्तर: तुमचं समुपदेशन व्यक्तिकेंद्रित पद्धतीचं दिसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी ही पद्धत १९४०च्या दशकात मांडली. समजून घेणारं, सुरक्षित नातं मिळालं की माणूस आपली वाट आपणच शोधतो, हा तिचा पाया. नोकरीबद्दल सल्ला देणारे तुमच्या घरीदारी आधीच असतील. त्या गलक्यात स्वतःला काय हवंय तेच ऐकू येत नाही. सत्रातला तास त्यासाठी असतो.

मात्र नुसती पोपटपंची म्हणजे समुपदेशन नव्हे. समजा, कुणी म्हणालं, "आई गेल्यापासून गावी जावंसंच वाटत नाही." यावर "म्हणजे तुम्हाला गावी जावंसं वाटत नाही" हे कच्चं काम झालं. "काळ हेच औषध" हे त्याहून वाईट, कारण तिथे बोलणंच खुंटतं. "दार उघडायला आई नाही, म्हणून ते घर आता परकं वाटतं, असं काही?" या वाक्यात न उच्चारलेली भावना पकडलेली आहे, आणि शेवटी प्रश्नचिन्ह आहे. अंदाज चुकला तर समोरचा "नाही, परकं नाही, भीती वाटते" असं दुरुस्त करतो. ही दुरुस्ती फार मोलाची, कारण तेव्हाच माणूस स्वतःच्या भावनेला नेमकं नाव देतो.

तुमच्या मॅडम अशी भावना पकडत नाहीत, असं वाटत असेल तर पुढच्या सत्रात स्पष्ट सांगा: "तुम्ही माझंच बोलणं परत म्हणता, त्याचा मला राग येतो." चांगल्या समुपदेशक हे मनाला लावून घेणार नाहीत, त्यावरच बोलतील.

प्रश्न: रागात मी मुलावर हात उगारतो. समुपदेशक 'विनाअट स्वीकार' करतात म्हणे. म्हणजे हेही चालतं?

उत्तर: नाही. स्वीकार माणसाचा असतो, मारण्याला मान्यता नसते. 'पहिला नंबर आला तरच शहाणा, रडला नाहीस तरच पुरुष' अशा अटींवर माया मिळाली की माणूस न शोभणाऱ्या भावना दडपायला शिकतो. दोष दिला की तो सबबी सांगतो आणि खरं आणखी आत ढकलतो. दोष देणारं कुणी नसेल तेव्हा हात उगारण्याच्या आधीचा क्षण तपासता येतो: अपमान वाटला होता, की भीती? तो क्षण ओळखू आला की थांबायला जागा मिळते. गोपनीयतेला मर्यादा असतात. कुणाच्या जिवाला धोका असेल तर ती मोडावी लागते. हे नियम पहिल्याच सत्रात विचारून घ्या.

प्रश्न: किती सत्रं लागतात? नैराश्यावर उपयोग होतो का?

उत्तर: साधारणपणे आठवड्याला एक, ५० मिनिटांचं सत्र. पाच-सहा सत्रांनंतर दोघांनी मिळून आढावा घ्यावा. फरक आधी बारीक गोष्टींत दिसतो: 'मला असं वाटायला नको' ऐवजी 'मला असं वाटतंय' तोंडी येतं, 'नाही' म्हटल्यावर अपराधी वाटणं कमी होतं. सुरुवातीला रडू जास्त येऊ शकतं. पण झोप, जेवण, काम आठवड्यागणिक बिघडतच असेल तर तसं सांगा, पद्धत बदलावी लागेल.

नैराश्याबाबत इंग्लंडमधल्या शेफील्डची ५१० रुग्णांची चाचणी २०२१मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी व्यक्तिकेंद्रित पद्धत सीबीटीच्या (विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या उपचारपद्धतीच्या) तोडीची ठरली. वर्षाअखेरीस मात्र सीबीटीचं पारडं जड दिसलं. त्यामुळे या पद्धतीने सुरुवात करायला हरकत नाही, पण बरं वाटलं की लगेच थांबू नका. भास होत असतील, झोप जवळपास बंद झाली असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञाला भेटा. औषधं चालू असताना समुपदेशनही घेता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर पुढच्या सत्राची वाट न पाहता टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं.