वाचकांचे प्रश्न : निवासी शिबिराला जावे का, आणि गेल्यास परत येऊन काय करावे?

सुटीतील मनोरंजन व नेतृत्व प्रशिक्षणाच्या निवासी कार्यशाळांविषयी या महिन्यात सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राला अधिक जागा दिली आहे, कारण त्यातील शंका बहुतेकांच्या मनात असते.

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मे महिन्यात होणाऱ्या सात दिवसांच्या निवासी कार्यशाळेसाठी मुख्याध्यापकांनी माझे नाव कळवले आहे. माझे वय ३८ आहे. मला गाता येत नाही, लहानपणी मी मैदानावर फारशी उतरले नाही आणि चारचौघांत बोलताना माझा घसा कोरडा पडतो. घरी नऊ वर्षांचा मुलगा आहे. सासूबाई विचारतात, ‘मुलांना खेळवायला आठवडाभर शिकायचे तरी काय असते?’ मला उत्तर देता येत नाही, कारण तोच प्रश्न माझ्याही मनात आहे. मी जावे का?

उत्तर : ताई, अवश्य जावे. सासूबाईंच्या प्रश्नाचा राग मात्र मानू नये. तो रास्त आहे आणि एकेकाळी मलाही पडला होता. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी, असे कोणतेही प्रशिक्षण घेण्याआधी, मी एका शनिवारी चाळीस मुलांची संगीत खुर्ची घेतली. पहिल्याच फेरीत वर्गात नव्याने आलेला, अंगाने जड असा एक मुलगा बाद झाला. तो कडुनिंबाखाली जाऊन बसला आणि चपलेच्या टोकाने मातीत एकच रेघ पुन्हा पुन्हा ओढत राहिला. खेळ संपायला अर्धा तास लागला आणि तेवढा वेळ मी उरलेल्यांसाठी टाळ्या वाजवण्यात रमले होते. जी मुले आधीच चपळ होती ती सर्वांत जास्त खेळली आणि ज्याला खेळण्याची, ओळखी होण्याची सर्वाधिक गरज होती तो सर्वांत कमी खेळला, हे त्या दिवशी माझ्या लक्षातही आले नाही. पुढे एका कार्यशाळेत प्रशिक्षकांनी आम्हाला विचारले, “तुमच्या खेळात सर्वांत आधी कोण बसते आणि किती वेळ बसून राहते?” तेव्हा तो मुलगा आणि ती मातीतली रेघ माझ्या डोळ्यांसमोर आली.

त्याच कार्यशाळेत आम्ही कोणालाही बाद न करणारा एक खेळ शिकलो. आपली सोलापुरी चादर जमिनीवर अंथरायची आणि दहा-बारा मुलांनी तिच्याभोवती टाळीच्या ठेक्यावर फिरायचे. टाळी थांबली की सर्वांनी चादरीवर उभे राहायचे. प्रत्येक फेरीनंतर चादर निम्मी दुमडायची, पण एकही मूल बाहेर राहता कामा नये. दुसऱ्या-तिसऱ्या घडीनंतर मुले एकमेकांच्या कमरेला धरू लागतात, कोणी सर्वांत लहान मुलाला पाठीवर घेते आणि एरवी मागे राहणारे एखादे मूल ‘आधी मोठ्यांनी पाय रोवा, मग आम्ही चढतो’ अशी युक्ती सांगते. अट एकच बदलते, आणि मैदानावरचे सगळे वागणे बदलते. खेळाची निवड करणे, तो वयानुसार बदलणे आणि त्यातून कोण सुटते आहे ते पाहणे, हे शिकण्यासाठी सात दिवस मुळीच जास्त नाहीत, असे सासूबाईंना नि:संकोच सांगावे.

शिकण्यासारख्या काही गोष्टी वरवर अगदी साध्या वाटतात. वर्तुळाच्या मध्यभागी उभे राहिले की निम्म्या मुलांना आपली पाठ दिसते, म्हणून वर्तुळातच एक जागा घेऊन बोलावे. ऊन आपल्या डोळ्यांवर घ्यावे, मुलांच्या नव्हे. मुलांना खेळाच्या रचनेत आधी उभे करावे आणि मग नियम सांगावेत. नियम ऐकवून नंतर रांगा लावायला गेले की सांगितलेले सगळे वाहून जाते. खेळ पूर्ण रंगात असतानाच थांबवावा, कारण कंटाळा येईपर्यंत चाललेला खेळ मुले पुन्हा मागत नाहीत. ही वाक्ये वाचून पटतात, पण तीस जणांसमोर उभे राहून चुकल्याशिवाय आणि सायंकाळी सोबत्यांनी ती चूक प्रेमाने दाखवून दिल्याशिवाय ती अंगी मुरत नाहीत.

नेतृत्व हा शब्द ऐकून आपण धास्तावला असाल, तर मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन आणि त्यांचे सहकारी रोनाल्ड लिपिट व राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्याला धीर देईल. अमेरिकेतील आयोवा येथे सुमारे दहा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळे शाळेनंतर जमून मुखवटे बनवण्यासारखी कामे करत असत. काही मंडळांत मोठा माणूस सगळे हुकूम स्वतः देई, काहींत तो मुलांशी विचारविनिमय करून काम ठरवी आणि काहींत मुलांना पूर्णपणे मोकळे सोडून देई. हुकूम देणारा खोलीबाहेर गेला की त्याच्या मंडळातील काम बरेचसे थंडावे, तर विचारविनिमयाने चालणाऱ्या मंडळातील मुले तो नसतानाही हातातले काम पुढे नेत. त्या नेत्याला गाता येत होते की नाही, याने त्यात काही फरक पडला नसता. उलट उत्तम गाणारा निवेदक पुष्कळदा मुलांना श्रोते बनवून टाकतो. ज्याला गाता येत नाही तो ‘ही ओळ कोण म्हणेल?’ असे विचारतो, आणि मुलांना पुढे यायला जागा मिळते.

आपल्या पूर्व भागात याचे मोल आणखी वाढते. घरी तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी आणि मराठी बोलणारी मुले आपल्याकडे एकाच बाकावर बसतात. माझ्या वर्गात एक तेलुगूभाषक मुलगी पहिले चार महिने मराठीत एक शब्द बोलली नव्हती. एकदा टाळ्यांच्या खेळात, जिथे प्रत्येकाने एक नवा ठेका द्यायचा आणि इतरांनी तो वाजवायचा, तिने चुटकी, टाळी आणि मांडीवर थाप असा काही ठेका दिला की सगळा वर्ग तो जमेपर्यंत तिच्याकडे बघत राहिला. त्यानंतरच्या आठवड्यात तिने पाणी प्यायला जाण्याची परवानगी प्रथमच तोंडाने मागितली.

कार्यशाळा निवासीच का, याचेही कारण आहे. १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी घेतलेल्या पहिल्या स्काउट शिबिरात सुमारे वीस मुले होती. ती मुद्दाम श्रीमंतांच्या आणि कष्टकऱ्यांच्या अशा वेगवेगळ्या घरांतून घेतली होती आणि चार छोट्या पथकांत विभागून एकत्र राहिली होती. दिवसा सगळेच नीट वागतात. थकल्यावर, पाण्याच्या रांगेत, भांडी घासण्याची पाळी आल्यावर आपण कसे वागतो ते एकत्र राहिल्यानेच समजते. मुलाची चिंता स्वाभाविक आहे. त्याच्याशी रोज एकाच ठरावीक वेळी फोनवर बोलावे आणि ती वेळ आधी त्यालाच ठरवू द्यावी. परत आल्यावर चादरीचा खेळ पहिल्यांदा घरी, सासूबाईंसमोर घ्यावा.

प्रश्न : माझी अकरावीतील मुलगी, वय १६, अशाच एका शिबिराला जाऊ इच्छिते. तिच्या आईला भीती वाटते. नकार देणे मला पटत नाही, पण डोळे झाकून पाठवणेही पटत नाही. आयोजकांना काय विचारावे?

उत्तर : आपली आणि तिच्या आईची, दोघांचीही भूमिका योग्य आहे, आणि प्रश्न विचारले म्हणून कोणताही जबाबदार आयोजक दुखावला जात नाही. मुलींच्या निवासात रात्री कोणत्या महिला प्रशिक्षक मुक्कामाला असतात, हे सर्वांत आधी विचारावे. ‘महिला कार्यकर्त्या येऊन जाऊन असतात’ हे उत्तर पुरेसे मानू नये. स्नानगृहे स्वतंत्र आहेत का, दारांना आतून कड्या आहेत का, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे आणि रात्री वाहन उपलब्ध असते का, हेही विचारावे. विहिरीत किंवा तलावात पोहण्याचा कार्यक्रम असल्यास सोबत पोहण्यात तरबेज माणसे आणि जीवरक्षक साधने असल्याशिवाय परवानगी देऊ नये. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो; तेव्हा सकाळी नऊनंतर आणि सायंकाळी साडेपाचपूर्वी मैदानी सत्रे ठेवणाऱ्या शिबिराला मी माझ्या घरची मुलगी पाठवणार नाही. वेळापत्रक लेखी मागून घ्यावे, म्हणजे हे न विचारताच समजेल.

अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्यानुसार, बालक ठरते. म्हणून तक्रार कोणाकडे करायची ते आयोजकांनी मुलामुलींना पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. १०९८ हा बालकांसाठीच्या मदतसेवेचा क्रमांक तिला पाठ असावा. दमा, फिट्स, औषधाची ॲलर्जी असे काही असल्यास ते लपवू नये. ‘सांगितले तर घेणार नाहीत’ या भीतीने पालक गप्प राहतात आणि अडचणीच्या वेळी प्रशिक्षक हतबल होतात. एवढी उत्तरे मिळाल्यावर मात्र मनापासून निरोप द्यावा. रोज चार वेळा फोन करून तिला अर्धी घरीच ठेवू नये.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकतो. गेल्या वर्षी नेतृत्व प्रशिक्षणाची कार्यशाळा केली. मोठ्या उमेदीने परतलो आणि आमच्या वस्तीत दर रविवारी दुपारी चार वाजता मुलांचे खेळ सुरू केले. पहिल्या रविवारी तीस मुले आली, पाचव्या रविवारी मी आणि माझा धाकटा भाऊ. माझे काय चुकले?

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले. पाच रविवार चिकाटीने मैदानावर उभे राहणाऱ्या मुलाला मी अपयशी म्हणणार नाही. मात्र वेळ निवडताना झालेल्या आपल्या दोन चुका मला दिसतात. सोलापुरात दुपारी चारला जमीन तापलेली असते, हे एक. दुसरे म्हणजे, विडी कामगारांच्या घरांतून अनेक मुली आईच्या कामाला हातभार लावतात. त्यांचा मोकळा वेळ आपल्या सोयीने ठरत नाही. चार घरी जाऊन विचारा, वेळ आपोआप बदलेल.

मोठी चूक आपल्या पत्रातील क्रियापदांतच आहे : मी खेळ ठरवले, मी साहित्य आणले, मी गुण लिहिले, मी निकाल दिला. खो-खो आपण खेळला असालच. पाठलाग करणारा कितीही वेगवान असला तरी एकट्याने सगळ्यांना गाठू शकत नाही. पाटीवर बसलेल्या आठांपैकी एकाला तो खो देतो आणि स्वतः त्याच्या जागी बसतो. आपण पाच रविवार खो दिलाच नाही. आता पुन्हा सुरुवात करताना तीन-चार मुलेमुली निवडा, शनिवारी सायंकाळी त्यांना खेळ शिकवा आणि रविवारी त्यांनाच तो घेऊ द्या. ते चुकतील तेव्हा मध्ये पडू नका. खेळ संपल्यावर बोला. दर आठवड्याला प्रमुख बदला आणि त्यात एकदा तरी सर्वांत गप्प असणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा क्रम लागेल असे बघा.

शिबिरातील उत्साह ओसरला म्हणून स्वतःला दोष देऊ नका, तो ओसरतोच. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची आखणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे : त्यात विशेष शिबिर सात दिवसांचे असते, पण त्याच्या जोडीला स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम करायचे असते. सात दिवस त्या तासांसाठी बळ देतात, ते त्या तासांची जागा घेत नाहीत. आपल्याला तर कार्यशाळेनंतर पुढचे तास कोणी आखूनच दिले नव्हते. ते आता आपण आणि ती तीन-चार मुले मिळून वहीत लिहून काढा. दर महिन्याला दोन रविवार पुरेत, पण ते चुकू देऊ नका. गड्ड्याची यात्रा आणि परीक्षा यांचे आठवडे आधीच सोडून द्या, म्हणजे गळती लागल्यासारखे वाटणार नाही.

प्रश्न : सोबत काय न्यावे? प्रमाणपत्राचा नोकरीत उपयोग होतो का?

उत्तर : प्रमाणपत्राच्या आशेने जाऊ नये, नोकरीची जाहिरात वाचूनच त्याचा उपयोग ठरतो. सुती कपडे, पायात घट्ट बसणारे बूट, टोपी, पाण्याची बाटली, नेहमीची औषधे, अंथरूण-पांघरूण आणि न रेघलेली एक वही न्यावी. त्या वहीत खेळाच्या नावापुढे मैदानाची आकृती, किती मुले लागतात, किती मिनिटे चालतो आणि कोण मागे राहिले, एवढे रोज झोपण्यापूर्वी लिहावे. सकाळी ते आठवत नाही. दोन दिवस पुरतील एवढ्या कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी नेली तर इतर जिल्ह्यांतील सोबत्यांशी पहिल्याच रात्री ओळख होईल. शिट्टी मात्र नेऊ नये. हात वर करून गप्प उभे राहावे, ज्यांनी पाहिले त्यांनी हात वर करावा, असे करत तीस माणसे शांत होतात की नाही, ते पहिल्या दिवशीच करून पाहावे.